‘एथ’ म्हणजे कोठे?

पदवीच्या वर्गाला व्याकरण शिकवताना दर्शक सर्वनामांचा भाग मी वर्षानुवर्षे पाच मिनिटांत उरकत आलो आहे. जवळच्या वस्तूसाठी ‘हा’, दूरच्या वस्तूसाठी ‘तो’. उदाहरणादाखल वर्गातला फळा आणि खिडकीबाहेरचे झाड. पुढचा मुद्दा संबंधी सर्वनामांचा. दादोबा पांडुरंगांच्या 1836 च्या व्याकरणापासून मोरो केशव दामल्यांच्या 1911 च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पर्यंत आणि तेथून आजच्या स्पर्धापरीक्षांच्या मार्गदर्शिकांपर्यंत या प्रकरणाची वाट तशी सपाटच आहे. या वाटेवर कोणी अडखळेल असे मला कधी वाटले नव्हते.

अडखळली ती नाणे मावळातल्या एका गावाहून येणारी आमची एक विद्यार्थिनी. ती एम.ए. करता करता लोकलने पुण्याला जाऊन जपानी शिकत होती. पुण्यात जपानी शिकणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. इंजिनियरिंगच्या मुलांपासून निवृत्त गृहस्थांपर्यंत अनेकजण त्या वर्गांना जातात. एके दिवशी तिने विचारले, “सर, जपानीत ‘ते’ दोन आहेत. आपल्याला एकच कसा काय पुरतो?”

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर मला देता आले नाही. ते शोधताना मी कोठून कोठे गेलो, आणि अखेर आमच्याच तालुक्यातल्या एका कातळाशी कसा येऊन थांबलो, ते सांगण्यासाठी हे टिपण आहे.

आधी जपानीचे पाहू. त्या भाषेत निर्देशाच्या तीन मालिका आहेत. ‘कोरे’ म्हणजे माझ्याजवळचे, ‘सोरे’ म्हणजे तुझ्याजवळचे आणि ‘आरे’ म्हणजे आपल्या दोघांपासूनही लांबचे. हीच त्रयी स्थळाला लागते (‘कोको’, ‘सोको’, ‘आसोको’), दिशेला आणि बाजूला लागते (‘कोचिरा’, ‘सोचिरा’, ‘आचिरा’) आणि विशेषणालाही लागते (‘कोनो’, ‘सोनो’, ‘आनो’). चौथी ‘दो’ची मालिका प्रश्नाची. 1936 मध्ये साकुमा कानाए या जपानी अभ्यासकाने या व्यवस्थेची जी उपपत्ती मांडली, ती मला फार मोलाची वाटते. या तीन मालिका म्हणजे अंतराच्या तीन पायऱ्या नव्हेत. त्या बोलणारा, ऐकणारा आणि उरलेले जग यांची तीन क्षेत्रे आहेत, असे त्याचे म्हणणे. येथे फूटपट्टी चालत नाही. दोन हातांवर असलेली वस्तू ऐकणाऱ्याच्या मुठीत असेल तर ती ‘सोरे’. आणि दोघे शेजारी बसून समोरचा डोंगर पाहात असतील तर तो ‘आरे’.

वस्तू डोळ्यांपुढे नसते तेव्हा तर हा भेद अधिकच सूक्ष्म होतो. बोलणारा आणि ऐकणारा या दोघांनाही माहीत असलेल्या माणसाचा उल्लेख ‘आनो हितो’ असा होतो. दोघांपैकी एकालाच माहीत असेल तर ‘सोनो हितो’. दोहोंचे मराठी भाषांतर आपण ‘तो माणूस’ असेच करणार. म्हणजे जपानी माणसाला ‘तो’ म्हणण्यापूर्वी ऐकणाऱ्याच्या मनात डोकावून यावे लागते.

मग मराठीत ही सोय नाही काय? व्याकरणाच्या पुस्तकात नाही, बोलण्यात मात्र आहे. “तुझ्या हातात ते काय आहे?” हे वाक्य पाहावे. बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात हातभराचेही अंतर नसेल, तरी वस्तू ‘हे’ होत नाही, ‘ते’च राहते, कारण ती तुझी आहे. हा ‘ते’ म्हणजे जपानी ‘सोरे’. दोघांना ठाऊक असलेल्या व्यक्तीसाठी आपण ‘तो’च्या पाठीशी ‘आपला’ लावतो: “ती नाही का आपली लोणावळ्याची मावशी”. या ‘आपली’चा मालकीशी काहीही संबंध नाही; ही व्यक्ती तुझ्याही स्मरणात आहे, एवढेच तो शब्द सांगतो. हा झाला ‘आनो’. आणि खरोखर दूरचे दाखवायचे असले की आपण स्वर लांबवतो, “तोऽऽ बघ लोहगड”. जितका स्वर लांब तितका डोंगर लांब. सारांश, जपानीने जे काम तीन शब्दांना वाटून दिले ते मराठीने ‘तो’, ‘आपला’, आवाज आणि हनुवटी यांना वाटून दिले. व्याकरणकारांच्या टिपणात हनुवटी येत नाही.

संस्कृतात अशी काटकसर नव्हती. ‘इदम्’, ‘एतद्’, ‘अदस्’ आणि ‘तद्’ अशी चार सर्वनामे, आणि त्यांचा भेद सांगणारी एक जुनी कारिका पाठशाळांतून पाठ करून घेतली जाई. जवळचे ते ‘इदम्’, अधिक जवळचे ते ‘एतद्’, लांबचे ‘अदस्’ आणि दृष्टीआडचे ‘तद्’, असा तिचा आशय. व्यवस्था देखणी आहे, पण तिच्यात एक गोष्ट नाही. सगळी मोजमापे बोलणाऱ्यापासून आहेत. ऐकणारा कोठे बसला आहे याची कारिकेला फिकीर नाही. प्रत्यक्ष व्यवहारात ती फिकीर होती काय, हे पाहायचे तर काव्यनाटकांपेक्षा व्यवहाराचे कागद पाहायला हवेत; आणि तेवढे जुने कागद आपल्याकडे उरलेले नाहीत. उरले ते दगड.

माझ्या कॉलेजपासून कार्ल्याची लेणी थोड्याच अंतरावर आहेत. वेहेरगावातून पायऱ्या चढून गेले की एकवीरेच्या देवळाशेजारी चैत्यगृहाचे तोंड दिसते. सदतीस खांबांचे, सुमारे 38 मीटर लांबीचे हे दालन पाहायला विद्यार्थ्यांच्या सहली येतात, कमानीच्या लाकडी फासळ्या पाहतात आणि परत जातात. आम्ही मराठीचे लोक तेथील लेख वाचायला फारसे जात नाही, कारण ते ‘इतिहासवाल्यांचे’ काम. हे लेख बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी 1881 मध्ये प्रसिद्ध केले, पुढे फ्रेंच पंडित सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात त्यांचे पुन्हा वाचन केले, मराठीतून वाचायचे तर महामहोपाध्याय मिराशींचा सातवाहनांवरील ग्रंथ आहे. मी ते सर्व उघडले ते त्यांतील राजांसाठी नव्हे, त्यांतील ‘हा’ आणि ‘तो’ शोधण्यासाठी.

प्रथम पदरी पडली ती निराशा. खांबांवर जे दानलेख आहेत त्यांत ‘हा’ नाहीच. धेनुकाकट येथील अमुक यवनाचा खांब, दान; एवढेच. दर्शनी सिंहस्तंभाचा लेखही तसाच: गोतीचा पुत्र महारठी अगिमित्रणक याचा सिंहस्तंभ, दान. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल सगळे शैलगृह पुरे करून ते जंबुद्वीपात उत्तम असल्याचे सांगतो, पण ‘हे शैलगृह’ म्हणत नाही. पलीकडे बेडशालाही तोच प्रकार. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक आपले दान नोंदवतो आणि थांबतो. थोडा विचार केल्यावर निराशा ओसरली. खांबावर कोरलेल्या ‘खांब’ या शब्दाला ‘हा’ची गरज काय? शब्द ज्यावर लिहिला आहे तो दगडच तर्जनीचे काम करतो. डब्यावर आपण ‘साखर’ असे लिहितो, ‘ही साखर’ असे लिहीत नाही.

आता दुसऱ्या जातीचे लेख. पुळुमावीच्या 24 व्या वर्षीचा एक लेख हरफरण नावाच्या उपासकाचा आहे. नाव ऐकताच हा गृहस्थ मूळचा इराणकडचा असावा असे वाटते. त्याने नऊ खोल्यांचा मंडप महासांघिकांना दिला, आणि त्याचा लेख म्हणतो ‘इम देयधम’, हे देय दान. हा ‘इम’ डोळ्यांपुढच्या वस्तूचा: वाचणारा मंडपात उभा आहे, मंडप त्याच्याभोवती आहे. त्याच राजाच्या सातव्या वर्षीच्या लेखात महारठी सोमदेव वलूरकच्या संघाला एक गाव देतो. तेथे आधी वर्ष, ऋतू, पक्ष, दिवस सांगून मग ‘एताय पुवाय’ असे पद येते. या वर सांगितलेल्या तिथीला, असा त्याचा अर्थ. हा ‘एत’ वस्तूकडे बोट दाखवत नाही, तो मागच्या शब्दांकडे बोट दाखवतो. ‘उपरोक्त’ या आपल्या सरकारी शब्दाचा हा अठराशे वर्षांपूर्वीचा, आणि जास्त सुटसुटीत, पूर्वज. ‘इम’ जगाकडे पाहतो, ‘एत’ मजकुराकडे पाहतो, अशी काटेकोर विभागणी तेव्हाच्या प्राकृतात होती असे मात्र मी म्हणणार नाही. दोन लेखांवरून नियम बांधू नये.

खरी मौज पुढे आहे. कार्ल्याच्या याच चैत्यगृहाच्या दर्शनी भागात दोन लेख असे आहेत की दोहोंत एकाच गावाचे दान आहे. पहिला नहपानाचा जावई उषवदात याचा. त्यात तो आपल्या पुण्यकृत्यांची यादी देतो: तीन लाख गाई, बनासा नदीवरचे सुवर्णदान आणि तीर्थ, सोळा गावे, प्रभासतीर्थी ब्राह्मणांना भार्या, वर्षभर लक्ष भोजने, आणि या मालिकेच्या शेवटी वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या प्रव्रजितांना करजिक गाव. लेख वलूरकच्या लेण्यावर कोरलेला आहे, तरी ‘येथे’ म्हणत नाही. ‘वलूरकेसु’ असे नाव घेऊनच सांगतो. प्रभास, बनासा, वलूरक, सगळी ठिकाणे त्याच्या दृष्टीने सारखीच लांब किंवा सारखीच जवळ. प्रशस्ती समोरच्या कोणाशी बोलत नसते. ती सर्वांना ऐकू जावी म्हणून मोठ्याने उच्चारलेली असते. तिला ‘मी येथे, तू तेथे’ हा हिशेबच नाही.

दुसरा लेख त्यानंतरचा, उषवदाताची सत्ता गेल्यानंतरचा. आरंभ झिजलेला असल्याने राजाचे नाव गेले आहे. वर्षाचा आकडा 14 की 18 याबद्दलही वाचनभेद आहे. पण नाशिकच्या लेखांशी असलेल्या साम्यावरून बहुतेक अभ्यासक तो गौतमीपुत्र सातकर्णीचा मानतात. हे दान पत्राच्या रूपात आहे. राजा मामाड येथील अमात्याला आज्ञा करतो. करजक गावातली भिक्षूंसाठीची जमीन आम्ही देत आहोत. तिला सरकारी माणसांचा प्रवेश नाही, कोणाचा हात लागणार नाही, मिठासाठी खोदाई होणार नाही, मुलकी अधिकाऱ्यांचा हस्तक्षेप होणार नाही. आणि हे सर्व नोंदवून घे. या थोड्याशा मजकुरात निर्देशाची पदे पाऊस पडावा तशी पडली आहेत. ‘एतेस’, ‘एतस’, ‘एतेहि’. यांना द्यायची जमीन, या गावाच्या सवलती, या सवलतींनिशी. आणि निदान दोनदा ‘एथ’. एकदा ‘एथ मामालाहारे’, येथे मामाल आहारात. दुसऱ्यांदा अखेरीस ‘एथ निबधापेहि’, येथे नोंदवून घे.

नहपानाच्या जावयाने न वापरलेला शब्द सातवाहनाने दोनदा वापरला याचे कारण राजकीय नाही, लेखनप्रकाराचे आहे. पत्रात एक बोलणारा असतो आणि एक ऐकणारा असतो. दर्शक पदे ही संभाषणाची अपत्ये आहेत. संभाषण सुरू झाले की ती हजर होतात.

पण मग हा ‘एथ’ कोणाचा? आज्ञा देणारा राजा त्या क्षणी मामालात असणे संभवनीय नाही. असता तर अमात्याला पत्र पाठवण्याची गरजच नव्हती. त्याच्या दृष्टीने मामाल म्हणजे ‘तेथ’. आणि ‘येथे नोंदवून घे’ हे वाक्य तर अमात्याच्या दफ्तराखेरीज दुसऱ्या कोठल्या जागेला लागू पडेल असे मला वाटत नाही. नाशिकला गौतमीपुत्राच्या 18 व्या वर्षीच्या पत्रातही हेच दिसते. सेनेच्या विजयी तळावरून राजा गोवर्धनच्या विष्णुपालित अमात्याला लिहितो, पूर्वी उषवदाताकडे असलेले दोनशे निवर्तने शेत देतो, आणि ते कोणाला, तर ‘इमेस पवजितान’, या प्रव्रजितांना. राजा तळावर आहे, भिक्षू त्रिरश्मी डोंगरावर आहेत; तरी ते ‘हे’ भिक्षू.

म्हणजे आज्ञा लिहिणाऱ्याने स्वतःची जागा सोडून वाचणाऱ्याच्या जागेवर उभे राहून लिहिले आहे. जपानी लेखकाने येथे ‘सोको’ किंवा ‘सोचिरा’ लिहिले असते, ‘तुझ्याकडे’. प्राकृतात ऐकणाऱ्याच्या क्षेत्रासाठी स्वतंत्र शब्द नव्हता. तेव्हा लेखनिकाने आपला ‘येथ’ उचलून त्याच्या अंगणात ठेवला. ‘एथ’चा अर्थ ‘या बाबतीत’ असा मोघमही घेता येतो, आणि तसा घेतला तर माझा सगळा इमला कोसळतो, याची जाणीव मला आहे. पण ‘मामालाहारे’ या सप्तम्यंत स्थळनामाला लागून आलेला ‘एथ’ मोघम मानणे मला जड जाते.

पत्र मग कापडावर किंवा पानावर लिहिले गेले, अमात्याच्या दफ्तरात पोहोचले, आणि तेथून त्याची नक्कल कातळावर आली. या प्रवासात शब्द तोच राहिला आणि त्याची जागा दोनदा बदलली. आज एखादा मुलगा चैत्यगृहापुढे उभा राहून ‘एथ’ हे अक्षर बोटाने दाखवतो तेव्हा तो ‘एथ’ त्याच्या पायाखालच्या जमिनीचा होतो.

हा प्रश्न एकट्या मावळचा नाही. अशोकाच्या पहिल्या शिलालेखात ‘येथे’ कोणताही जीव मारून यज्ञ करू नये अशी आज्ञा आहे. गिरनारच्या प्रतीत ‘इध’ आहे, इतरत्र ‘हिद’. हा ‘येथे’ म्हणजे पाटलिपुत्र, की सगळे साम्राज्य, की लेख जेथे कोरला ती जागा? विद्वानांचे यावर अद्याप एकमत नाही. एका क्रियाविशेषणाच्या अर्थावर एका सम्राटाच्या धोरणाची व्याप्ती अवलंबून आहे. केवळ राजधानीत बंदी होती असे म्हटले तर अशोक एक, आणि साम्राज्यभर होती असे म्हटले तर अशोक दुसरा. तरीही इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात या एका शब्दावरची शंका सहसा पोहोचत नाही. पोहोचतो तो निर्णय.

‘एथ’ मराठीत आला तो जवळजवळ न बदलता. प्राकृतातला ‘एत्थ’ आणि ज्ञानेश्वरीतला ‘एथ’ यांत कानाला फारसे अंतर नाही. मराठीला 2024 च्या ऑक्टोबरमध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्याआधी आणि त्यानंतर आपण जे पुरावे उत्साहाने मांडले त्यांत ‘महारठी’ हा शब्द वारंवार आला, आणि तो कार्ल्यालाही आहे. पण ‘महारठी’ हे बिरुद आहे, बिरुदे कोठूनही कोठे जातात. रोजच्या बोलण्यात हजारदा झिजूनही टिकलेला ‘एथ’ मला त्याहून विश्वासाचा साक्षीदार वाटतो. त्याची मिरवणूक कोणी काढली नाही, इतकेच.

‘एथ’चा सर्वांत अद्भुत उपयोग तेराव्या शतकातला. म्हाइंभटांनी संकलित केलेल्या लीळाचरित्रात सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वतःविषयी बोलताना ‘मी’ म्हणणे टाळतात. ते स्वतःला ‘हें’ म्हणतात, आणि ‘एथ’, ‘एथौनि’, ‘एथीचें’ अशी रूपे वापरतात. ‘येथून’ म्हणजे माझ्याकडून, ‘येथले’ म्हणजे माझे. बोलणारा व्यक्ती न राहता एक स्थळ होतो. वर्गात मी हे आजवर सांप्रदायिक विनयाचे उदाहरण म्हणून शिकवले, क्वचित ईश्वरी निर्विकारतेचे. जपानीचे थोडे वाचल्यावर ध्यानात आले की भाषेच्या दृष्टीने ही वाट अनोखी नाही. जपानी माणूस दूरध्वनीवर स्वतःचा उल्लेख ‘कोचिरा’, म्हणजे ‘ही बाजू’, असा करतो. समोरच्याने आभार मानले की ‘कोचिरा कोसो’ म्हणतो, उलट या बाजूनेच मानायला हवेत. ‘तुम्ही’ या अर्थाचा आज सर्वांना ठाऊक असलेला ‘आनाता’ हा शब्द मुळात ‘पलीकडे’ या अर्थाचा. समोरच्या माणसावर थेट बोट ठेवणे उद्धटपणाचे, म्हणून तो उभा आहे त्या दिशेचे नाव घ्यायचे. आपल्याकडे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या कादंबऱ्यांतील आणि संगीत नाटकांतील नायिका नवऱ्याला ‘इकडून’ म्हणते. “इकडून केव्हा येणं झालं?” नाव घ्यायचे नाही, ‘तुम्ही’ म्हणायचे नाही, उरते ती बाजू. ‘इकडची स्वारी’ वाचून आजचे विद्यार्थी हसतात. त्यांच्याबरोबर मीही हसत आलो. पण हा केवळ स्त्रीदास्याचा अवशेष म्हणून बाजूला सारण्यासारखा प्रयोग नाही. त्यात ते आहेच, पण चक्रधरांच्या ‘एथ’शी त्याचे गोत्र जुळते हेही आहे.

उलट दिशेचा प्रवासही झालेला दिसतो. जपानीत ‘कारे’ हे जुने, लांबचे दाखवणारे पद. मेजी काळात युरोपीय भाषांतली कथा-कादंबरी भाषांतरित करताना तृतीयपुरुषी पुल्लिंगी सर्वनामाला प्रतिशब्द हवा झाला, तेव्हा हे ‘कारे’ त्या कामाला लावले गेले, आणि स्त्रीसाठी ‘कानोजो’ घडवला गेला. आपल्याला हे कष्ट पडले नाहीत. आपला ‘तो’ आधीपासूनच दोन्ही नोकऱ्या करीत होता. मात्र त्याची एक किंमत आहे, ती कवितेच्या वर्गात चुकवावी लागते. ‘तो’ म्हणजे देव, प्रियकर, पाऊस की नुसता दाखवलेला कोणी, हे ओळीवरून ठरत नाही. परीक्षेत मुले ‘तो म्हणजे परमेश्वर’ असे लिहून मोकळी होतात.

‘कारे’ची जुनी खूण जपानीत एका सुंदर शब्दात उरली आहे. संधिप्रकाशाला तेथे ‘तासोगारे’ म्हणतात. शब्दशः ‘कोण तो?’. समोरून येणारा माणूस ओळखू येत नाही अशी वेळ. लोणावळ्याच्या आषाढात ही वेळ दिवसभर असते. धुक्यात समोरून आकृती येते आणि आपण हाक घालतो, “कोण आहे ते?” हाक घालताना आपण ‘तो’ म्हणत नाही, ‘ती’ म्हणत नाही. ओळख पटेपर्यंत माणूस मराठीत नपुंसकलिंगी असतो. दाराची कडी वाजली तरी हेच. जपानीला लिंगभेद नाही, म्हणून तिला हे साधता येणार नाही. आणि हे दामल्यांच्या व्याकरणातले प्रकरण वाचूनही मला सुचले नव्हते, धुक्यात सुचले.

‘मावळ’ या नावाविषयी येथे दोन शब्द लिहिणे भाग आहे. सूर्य मावळतो ती बाजू म्हणून मावळ, अशी व्युत्पत्ती आमच्या भागात शाळेपासून सांगितली जाते. ती खरी असेल तर हा मुलूखच एक दर्शक पद ठरतो: पूर्वेकडे, देशावर उभ्या असलेल्या कोणीतरी ‘तिकडे’ म्हणून दाखवलेला. कोकणातून पाहणाऱ्याला तर सूर्य याच डोंगरांमागून उगवतो. परंतु कार्ल्याचा लेख ‘मामाल’ असे नाव देतो, आणि ‘ग्राम’चा गाव, ‘नाम’चे नाव व्हावे तसा दोन स्वरांमधल्या ‘म’चा ‘व’ होऊन ‘मामाल’चा ‘मावळ’ होणे हे मराठीच्या रीतीला धरून आहे. मावळणारा सूर्य हा नंतर सुचलेला अर्थ असणार. मला तो आवडत असे. सोडताना थोडे वाईट वाटले.

आता माझ्या एका अपराधाची गोष्ट. आमच्या भागातली मुले ‘हितं’, ‘तितं’, ‘हिकडं’, ‘तिकडं’, ‘ह्यो’, ‘त्यो’ असे बोलतात आणि पहिल्या वर्षी तसेच लिहितातही. मी वीस वर्षे ते तांबड्या शाईने खोडून समासात ‘येथे’ लिहीत आलो. प्रमाणभाषा शिकवणे माझे काम आहे आणि ते मी पुढेही करीन. पण समासात ‘अशुद्ध’ असा शेराही मी मारत होतो. ‘हितं’मध्ये ‘एथ’च आहे, पुढे ‘हा’च्या संगतीने लागलेल्या ‘ह’कारासह. (अशोकाच्या ‘हिद’शी त्याचे नाते जोडण्याचा मोह विद्यार्थ्यांनी टाळावा, ध्वनी सारखे असले तरी कुळे वेगळी आहेत.) करजक म्हणजे मावळातले करंजगाव, असे नावाच्या साधर्म्यावरून सुचवले गेले आहे. ते बरोबर असेल तर ज्या गावासाठी ‘एथ’ कोरला गेला त्याच पंचक्रोशीतल्या मुलांच्या वहीतला ‘हितं’ मी ‘अशुद्ध’ ठरवत होतो. शेरा मारणे मी आता सोडले आहे. ‘प्रमाणरूप: येथे’ एवढेच लिहितो.

त्या विद्यार्थिनीला मी सेनारांच्या वाचनावरून उतरवून घेतलेला लेख दिला आणि त्याचे जपानी कर, असे सुचवले. आठवड्याने ती कागद घेऊन आली. मला जपानी लिपी येत नाही; तिने वाचून दाखवले. ‘एथ मामालाहारे’ या ठिकाणी तिने ‘कोको’ घातला होता. शेवटच्या ‘एथ निबधापेहि’पाशी मात्र ‘सोचिरा’. मी म्हटले, शब्द एकच आहे, तू दोन का केलेस? ती म्हणाली, “पहिल्यांदा राजा नुसतं गावाचं ठिकाण सांगतोय, सर, ते लेण्यापुढं उभं राहून वाचणाऱ्याला ‘हितं’च वाटायला पाहिजे. पण नोंद करायची ती त्या अमात्यानं, त्याच्या ऑफिसात. तितं ‘तुमच्याकडं’च म्हणायला लागंल.” मग थोडे थांबून तिने ‘कोको’ खोडला, पुन्हा लिहिला, आणि कागदाच्या कडेला पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढून ठेवले.